चिमीच्या नावाने आलेल्या दोन हार्डडिस्क

“ताई, वस्तू अशा ठिकाणाहून घ्यावी, की बिघडली तर तिथे जाऊन भांडता येईल,” कॉम्प्युटरच्या दुकानदाराने मला सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघून हसले. हे हसू मी खास दुकानदारांसाठी राखून ठेवलेलं आहे. ‘मी शिकलेली आहे, माझ्या फोनमध्ये इंटरनेट आहे, आणि तुम्ही मला काय समजता,’ एवढा सगळा मजकूर त्यात बसतो.

त्याच्याकडे एकच हार्डडिस्क शिल्लक होती. खोक्यावरची धूळ त्याने माझ्यादेखत फुंकली आणि ती माझ्या चष्म्यावर येऊन बसली. तेवढ्याच किमतीत परदेशात चौपट जागेची डिस्क मिळते, हे मी त्याला फोनवर दाखवलं. त्याने फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

“फोटो छान आलाय,” म्हणाला.

आता मला हार्डडिस्क कशाला हवी होती ते आधी सांगते, म्हणजे पुढे मी जे जे केलं ते सगळं वेडेपणाचं वाटणार नाही. थोडं वाटेल. तेवढं चालेल.

आमची चिमी तेव्हा नुकती बसायला लागली होती आणि मी नुकती पुन्हा ऑफिसला जायला लागले होते. दुपारी तिच्याजवळ बाबा असायचे. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म त्यांनी शाळेत मुलांना कवायत शिकवली, त्यामुळे ते निवृत्त झाले तरी त्यांची ताठ पाठ निवृत्त झाली नाही. चिमीच्या पाळण्याशेजारी ते खुर्चीत असे बसायचे की एखाद्या राजदूताच्या बंगल्यावर पहारा आहे. दिवसा झोपणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. “दुपारी डोळा मिटणं म्हणजे अर्धा दिवस चोरीला जाऊ देणं,” असं ते पेपर वाचता वाचता सांगायचे, आणि आम्ही दोघं, ज्यांना मूल झाल्यापासून कुठलीच झोप नव्हती, माना डोलवायचो.

पाळण्यावर मी एक कॅमेरा लावला होता. बाबांवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. विश्वास होता, पण काळजीही होती, आणि या दोन गोष्टी माझ्या पोटात शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींशी बोलत नाहीत. कॅमेऱ्यात फक्त पाळणा दिसायचा. ऑफिसात मी फोन चहाच्या कपाला टेकवून ठेवायची, एका कानात इयरफोन घालायची आणि दुसऱ्या कानाने साहेबांचं ऐकायची.

एके दुपारी कानात चिमीचा श्वास ऐकू येत होता. घर्र, घर्र, अगदी संथ. आणि मग तो थांबला.

काहीच नाही. नुसती शांतता. फोनवरचं चित्र बोटाएवढं, त्यात पांघरुणाचा गोळा. मग एकदम ‘हुक्’ असा आवाज आला. खोल पाण्यातून कुणी वर यावं तसा. मी कप पाडला. साहेबांच्या पायावर पाडला, हे त्यांनी नंतर सांगितलं. मी लगेच घरी फोन लावला. तिकडे बाबांचा फोन वाजलेला मला कॅमेऱ्यातूनही ऐकू आला आणि त्याच क्षणी श्वास सुरळीत झाला.

“बाबा, चिमीचा श्वास थांबला होता!”

“छे गं. मस्त झोपलीये. माझी नजर आहे ना तिच्यावर.”

“तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?”

“अगं, मी इथे हातभर अंतरावर बसलोय. थांबला असता तर मला कळलं नसतं का?”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी घाबरून फोन करायची, घंटी वाजली की श्वास सुरू, आणि बाबा ताठ आवाजात “सगळं ठीक” असा अहवाल द्यायचे. मी मनाशी ठरवूनच टाकलं की फोनच्या घंटीने पोर दचकते आणि तेवढ्याने वाचते. त्या दिवसांत मी ऑफिसातून इतके फोन केले की बाबांनी फोन खिशात न ठेवता हातातच धरायला सुरुवात केली.

मुलांच्या डॉक्टरांनी चिमीला उलटीपालटी करून तपासलं. चिमी त्यांच्या टायला लटकली. “बाळ उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण तुम्ही सांगताय तसं होत असेल तर मला ते ऐकायला हवं. एखादा तुकडा आणू नका. आठवडाभराच्या सगळ्या दुपारच्या झोपा सलग घेऊन या.”

आणि इथेच घोडं अडलं. कॅमेऱ्यात एक नखाएवढं कार्ड होतं. ते भरलं की जुनं पुसून त्यावरच नवं लिहायचं. संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत त्यातली दुपार पुसलेली असायची आणि तिच्या जागी संध्याकाळ आलेली असायची. त्याहून मोठं कार्ड त्या कॅमेऱ्याला पेलत नव्हतं. माझा फोन चिमीच्या फोटोंनी आधीच गच्च. तेव्हा कॅमेऱ्याचं सगळं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि त्यासाठी भलीमोठी हार्डडिस्क घ्यायची, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

“एका आठवड्याला छोटी डिस्कसुद्धा पुरेल,” नवरा म्हणाला.

“आणि पुढच्या आठवड्याला?”

“पुढच्या आठवड्यात कशाला रेकॉर्ड करायचंय?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. मी बघितलं. चिमीचं कॉलेज संपेपर्यंत कॅमेरा काढायचा नाही हे मी केव्हाच नक्की केलं होतं. त्याला एकदम सांगून घाबरवायचं नव्हतं, इतकंच.

दुकानदाराकडून मी तशीच परत आले ती समोरच्या दाराशी अडकले. समोर राहतात त्यांना सगळे कुरिअरकाका म्हणतात, कारण त्यांच्याकडे दररोज काहीतरी पार्सल येतं आणि त्यातलं बरंचसं परदेशातून येतं.

“इथे घेऊच नकोस,” काका म्हणाले. “इथे मिळतं ते तिकडे कुणी घेतलं नाही म्हणून आलेलं असतं.”

“यांचं ऐकू नकोस गं,” आतून काकू म्हणाल्या. “यांनी टोस्टर मागवला बाहेरून. त्याची पिन आपल्या एकाही भोकात बसत नाही. मी त्यात पेनं ठेवते.”

“पण टोस्टर कसला आहे!” काका म्हणाले.

“हो, पेनं छान राहतात.”

मी काकांचं ऐकलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारा शेजारी मिळतोच, त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. परदेशात माझी नणंद आहे. तिला फोन केला तर ती आनंदाने ओरडलीच.

“अगं वहिनी, इकडे कचऱ्याच्या भावात मिळतात! मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांतून काढलेल्या, तपासून, पुसून ठेवलेल्या. एकदम दणकट. एक कशाला, दोन पाठवते. एक बिघडली तर दुसरी. आत्याकडून भेट!”

तिचं मन मोठं आहे. एवढं मोठं की त्यामुळे पुढचा सगळा घोळ झाला. भाचीवरच्या प्रेमापोटी तिने पार्सलवर माझं किंवा स्वतःच्या भावाचं नाव न घालता चिमीचं पूर्ण नाव घातलं, आणि आत काय आहे या रकान्यात लिहिलं : ‘भेट. बाळासाठी.’

पार्सल निघालं, समुद्र ओलांडून आलं आणि कस्टममध्ये जाऊन बसलं. मग चिमीच्या नावाने एक सूचना आली. ‘आपण स्वतः ओळखपत्रासह उपस्थित राहावे.’ मी ती चिमीला वाचून दाखवली. तिने कागदाचा कोपरा खाल्ला.

कस्टमच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो : मी, चिमी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणजे त्याने मागितली नाही. लांबलचक हॉल, एका भिंतीला पंख्यांची रांग, दुसऱ्या भिंतीला खिडक्यांची, आणि सगळ्या खिडक्यांपुढे माणसांचा गुंता. बाबांना गुंता सहन होत नाही. त्यांनी चिमीला माझ्याकडे दिलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “रांगेत! एक हात अंतर!” आणि लोक खरंच रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसालाही वाटलं असावं की कुणीतरी वरून आलंय. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

रांग सरकत होती मुंगीच्या पावलांनी. बाकडं रिकामं झालं तसं मी म्हटलं, “बाबा, बसा ना. तुमचा नंबर मी सांभाळते.”

“नको. बसलं की...” असं म्हणून ते थांबले आणि आणखी ताठ उभे राहिले.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांपुढे आमच्या पार्सलचा एक्स-रेने काढलेला फोटो होता. दोन काळे ठोकळे.

“हे बाळासाठी आहे?”

“हो.”

“बाळ कुठेय?”

मी चिमीला वर उचललं. चिमीने साहेबांकडे बघून लाळेचा फुगा काढला.

“किती महिन्यांची आहे?” मी सांगितलं. साहेबांनी पुन्हा फोटो बघितला. “हिला एवढी जागा कशाला लागते?”

“तिच्या झोपा ठेवायला.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर, कार्ड, दुपार पुसून संध्याकाळ येते ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण सरकारी माणसाच्या मनात एकदा शंका आली की तिला चहापाणी करूनच बाहेर काढावं लागतं.

“बरं. मग दोन कशाला? विकणार आहात?”

“नाही हो. एक बिघडली तर दुसरी.”

“मग बिघडणारी मागवताच कशाला?”

मागच्या माणसाने सुचवलं, “दुसरी बिघडली तर पहिली.” साहेबांना ते पटल्यासारखं वाटलं. नंतर त्यांनी शेजारच्या खिडकीला विचारलं, शेजारच्या खिडकीने वरच्या मजल्याला विचारलं, आणि वरच्या मजल्याने असा निर्णय दिला की हे खेळणं नाही, तेव्हा खेळण्याचा दर लागणार नाही, यंत्राचा लागेल. तो भरून झाल्यावर साहेब म्हणाले, “आता सही. ज्याचं पार्सल त्याची.”

“ती कशी करणार सही?”

“सही येत नसेल त्यांच्यासाठी अंगठा आहे,” साहेबांनी शाईची डबी पुढे सरकवली, अगदी सौजन्याने.

आयुष्यातला पहिला सरकारी व्यवहार माझ्या मुलीने तिथे केला. अंगठा इतका छोटा उठला की साहेबांनी भिंग काढून खात्री केली. पुढच्याच क्षणी चिमीने तोच अंगठा तोंडात घातला आणि आम्ही घरी आलो तेव्हा तिच्या ओठांना, माझ्या गळ्याला आणि बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाला एकाच निळ्या रंगाची शाई होती. पण पार्सल माझ्या मांडीवर होतं. परत येताना मी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला जरा कमी कर्तबगार वाटत होता.

घरी नवऱ्याने कागद-पेन्सिल घेतली. “एकूण किती पडलं बघू. म्हणजे इथल्या डिस्कपेक्षा...”

मी पेन्सिल काढून घेतली. संसारात काही बेरजा न केलेल्याच बऱ्या असतात.

डिस्क कॉम्प्युटरला जोडायला एक वायर लागते, ती पार्सलमध्ये नव्हती. म्हणजे पुन्हा त्याच दुकानात जाणं आलं. मी वेगळी ओढणी घेऊन गेले. त्याने पहिल्या नजरेत ओळखलं.

“या ताई. फोटोतली आली का?”

“आली,” मी म्हटलं, “दोन आल्या.” वायर घेऊन मी मान न वळवता बाहेर पडले आणि दाराच्या काचेवर आपटले, पण मान वळवली नाही.

वायर लावली. कॉम्प्युटर सुरू केला. पंखा फिरला, दिवा लागला, डिस्क मात्र ढिम्म. दुसरी लावून बघितली. तीही ढिम्म, जणू दोघींनी येताना जहाजावर ठरवलं होतं. नवरा म्हणाला, “मेलेल्या आहेत.” कुरिअरकाका हातात टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले की त्यांचा टोस्टरही आधी असाच होता. काकू म्हणाल्या, “अजूनही तसाच आहे.” बाबांनी डिस्कला कान लावला आणि मान हलवली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “बाहेरची डिस्क मी उघडत नाही, ताई. तुम्ही तिकडे जाऊन भांडा.” नणंदेशी भांडायला मला कुठे जावं लागत नाही, ती सोय फोनवर आहे, पण तिने बिचारीने प्रेमाने पाठवलेली वस्तू, आणि चिमीचा श्वास त्या दिवशीही थांबला होता, मी ऐकला होता. मला रडू येत होतं ते डिस्कचं नव्हतंच.

मी न रडता वाचायला बसले. कॉलेजात मी विज्ञानाची पदवी घेतली, तिचा आजवर एकच उपयोग झाला होता : लग्नाच्या बायोडेटात एक ओळ. पण वाचत गेले तसं कळायला लागलं. या मोठ्या यंत्रांतल्या डिस्कना वीज घेण्यासाठी पिनांची एक ओळ असते, आणि तिच्यातल्या तिसऱ्या पिनेला करंट आला की डिस्क समजते, मालकाने बंद राहायला सांगितलंय. मोठ्या यंत्रात तो करंट हवा तेव्हाच देतात. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीतून तो सतत येत होता. म्हणजे माझ्या डिस्क मेलेल्या नव्हत्या. त्या आज्ञा पाळत होत्या.

“शिस्तीच्या आहेत,” बाबा समाधानाने म्हणाले.

उपाय काय, तर तेवढ्या पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. शेजारच्या पिनेवर जाता कामा नये. पिना कसल्या, केसाएवढ्या रेघा. नवऱ्याने मोठी कात्री आणली, चिकटपट्टी बोटांना गुंडाळून घेतली आणि मग ती सोडवण्यासाठी काकांना बोलावलं. मी दोघांनाही खोलीबाहेर काढलं.

चिमीची नखं कापायची छोटी गोल टोकाची कातरी मी घेतली. ज्या बाईने झोपलेल्या बाळाची दहा नखं, बाळाला जाग न येता, श्वास रोखून कापली आहेत, तिच्या हाताला आणखी कुठलं प्रशिक्षण लागत नाही. धाग्याएवढी पट्टी कापली, कपाळाची टिकली उचलते तशी बोटाच्या टोकावर उचलली आणि तिसऱ्या रेघेवर ठेवली. कॉम्प्युटर सुरू केला.

आधी बारीक गुणगुण. मग चांगला दणदणीत घुर्र आवाज, आणि पडद्यावर जागा दिसली. केवढी जागा! रिकामं मैदानच. मी दुसऱ्या डिस्कलाही पट्टी लावली, मग दार उघडून बाहेर आले. नवरा आणि काका भिंतीला टेकून उभे होते. मी काही बोलले नाही. कपाळावर आलेले केस मागे सारले आणि पाणी प्यायला गेले. अशा वेळी बोलायचं नसतं.

(नवऱ्याने आजही कुणाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणतो, “आम्ही पट्टी लावली.” हे इथे नोंदवून ठेवते.)

आठवडाभर रेकॉर्डिंग चाललं. डिस्कच्या आवाजाने बाबा वैतागले. “तुझं यंत्र घोरतं गं,” म्हणाले. रविवारी दुपारी नवरा बाजारात गेला, चिमी झोपली, बाबा नेहमीसारखे तिच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसले आणि मी हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे. पहिल्यांदाच चिमीची झोप मी बोटाएवढ्या चित्रात न बघता मोठ्या पडद्यावर बघत होते. मोठा आवाज, मोठं चित्र. सोमवारची दुपार लावली.

घर्र. घर्र. आणि थांबलं.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावर चिमी उताणी झोपली होती, पांघरूण लाथाडलेलं. आणि तिचं पोट हलत होतं. वर, खाली. वर, खाली. आवाज बंद होता आणि पोट चालू होतं. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मंगळवार लावला. बुधवार लावला. आवाज थांबायचा, ‘हुक्’ व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचा; आणि माझी मुलगी आपल्या छोट्या वेगळ्या लयीत, इतका बारीक श्वास घेत होती की तो कॅमेऱ्याला कधी ऐकूच आला नव्हता.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. आवाज बंद झाला नाही.

घर्र, घर्र. तो आतल्या खोलीतून येत होता. मी उठून दारापर्यंत गेले. पाळण्यात चिमी. खुर्चीत बाबा, पाठ ताठ, हातात फोन, मान मागे आणि तोंड उघडं. बघता बघता आवाज थांबला. छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती, बंद दाराला कुणी आतून धक्के द्यावेत तसं. चेहऱ्याचा रंग बदलला. मी इतक्या मोठ्याने ओरडले की चिमी जागी होऊन रडायला लागली.

“बाबा!”

“हुक्,” असं झालं आणि ते सरळ झाले. “काय? जागाच आहे मी.”

“तुम्ही झोपला होतात.”

“मी? दुपारी?” त्यांना खरंच राग आला. “डोळ्याला डोळा लावलेला नाही मी, अगं, हातात फोन आहे माझ्या!”

आणि पुढची लढाई ही होती. कस्टम तिच्यापुढे काहीच नव्हतं. चिमीच्या डॉक्टरांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि सांगितलं, “बाळाला काही नाही. आजोबांना लवकरात लवकर न्या. झोपेत श्वास अडतो, हे हृदयाला चांगलं नाही.” पण बाबा तयारच होईनात. झोपलोच नाही तर झोपेत श्वास अडेल कसा, हा त्यांचा मुद्दा होता आणि मुद्दा म्हणून तो पक्का होता. नवऱ्याने समजावलं, नणंदेने फोनवर रडून बघितलं. काका म्हणाले की तिकडे यावर एक उशी मिळते. बाबा म्हणाले, “सगळ्यांनी मिळून मला म्हातारा करायचं ठरवलंय.”

पण माझ्याकडे पुरावा होता. आणि दुसऱ्या डिस्कवर त्याची नक्कलही होती.

मी बाबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि नुसता आवाज लावला. कुणाचा ते मी काही बोलले नाही. ते मान ताठ ठेवून ऐकत राहिले, तोंडावर ‘वाजव काय वाजवायचंय ते’ असा भाव. घर्र, घर्र. मग तो थांबला. बाबा थोडे पुढे झुकले. शांतता लांबत गेली. त्यांचा हात टेबलावर आला, बोटं घट्ट झाली आणि एकाएकी ते कॉम्प्युटरवर ओरडले, “अरे, घे ना श्वास! घे!”

तो आला. ‘हुक्.’ बाबा मागे टेकले. त्यांना टेकून बसलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मग हळूच म्हणाले, “तुझी सासू मला कोपराने ढोसायची. रोज. मी म्हणायचो, बाई, सुखाने झोपू देत नाहीस. भांडायचो तिच्याशी.” जरा थांबून म्हणाले, “ती कधी बोलली नाही गं, का ढोसते ते.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून शर्टाला इस्त्री करून तयार होते.

दवाखान्यात एक रात्र झोपवून तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी आकडे बघून चष्मा काढला आणि विचारलं, “हे लक्षात कसं आलं तुमच्या?” मी म्हटलं, “तिसऱ्या पिनेवर चिकटपट्टी लावली.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आता बाबा नाकावर मास्क लावून झोपतात, त्यातून हवेचा झोत येतो आणि श्वासाची वाट मोकळी राहते. मास्क लावायचा आणि काढायचा त्यांनी स्वतःचा एक क्रम बसवलाय, एक-दोन-तीन असा. दुपारी चिमीबरोबर ते राजरोस झोपतात आणि उठल्यावर चौकात फिरून येतात, जिना आता मध्ये न थांबता चढतात. दुकानदार मला अजून ‘फोटोवाल्या ताई’ म्हणतो. म्हणू दे. त्या दोन डिस्क समुद्रावरून डुलत येत होत्या तेवढ्या सगळ्या दुपारी बाबा त्या खुर्चीत गुदमरत होते, हे आठवलं की माझा अभिमान खाली बसतो. थोडा वेळ बसतो आणि पुन्हा उठतो. कारण काही झालं तरी ऐकलं मीच होतं, आणि शोधूनही मीच काढलं.

तुम्हाला मात्र एक सांगायचंय. तुमच्या घरात, किंवा भिंतीपलीकडे, आधी जोडीने झोपणारं आणि आता एकटं झोपणारं कुणी असेल, तर आज त्यांच्या दाराशी जरा उभे राहा. घोरणं ऐकू आलं की हसून परत फिरू नका. ऐकत राहा. मध्येच ते थांबलं, तर दार वाजवत बसू नका. सरळ आत जा.